बेसिक मीडियम आणि आमचा पाचवा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा निरोप शाळेकडून आला, तेव्हा आम्हा चौघांच्याही मनात एकच विषय आला आणि चौघांनीही तो काही दिवस एकमेकांपाशी काढला नाही. वसतिगृहाच्या आठवणी पुष्कळ आहेत. पहाटेची वंदना, चौदा एप्रिलची तयारी, जेवणघरातल्या पंगती, गावाहून आलेल्या ट्रंकांना लावलेली कुलुपे. या आठवणी इतर मंडळी लिहितीलच आणि आमच्यापेक्षा चांगल्या लिहितील. आम्ही लिहिणार आहोत ते अकरावीच्या रसायनशास्त्रातल्या एका तीन गुणांच्या प्रश्नाविषयी. वाचकांपैकी ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला असेल त्यांनी कृपया पान उलटू नये. लागेल तेवढे आम्ही समजावून सांगू.

खोलीत आम्ही पाच जण होतो. चौघे हे लिहीत आहोत. पाचवा बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबातला. आईवडील दसऱ्यानंतर कारखान्याच्या फडावर जात, म्हणून आठवीपासून तो आपल्या वसतिगृहात. दहावीपर्यंत आम्ही सारे आपल्याच शाळेत, मराठीतून शिकलो. पुढे १९९५ च्या जूनमध्ये राहायला आपल्याच वसतिगृहात आणि अकरावी विज्ञानासाठी वाशीतल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात, अशी सोय झाली. वाशीला रेल्वे येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. रात्री खिडकी उघडली की ओहोटीच्या वेळी खाडीकडून कुजक्या अंड्यांसारखा वास येई आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा. कोणता वास खाडीचा आणि कोणता कारखान्याचा, हे पाचवा डोळे मिटून सांगत असे.

आमची अडचण विज्ञानाची नव्हती, शब्दांची होती. ‘आम्लारी’ आम्हाला ठाऊक होती, ‘बेस’ नव्हता. ‘क्षपण’ ठाऊक होते, ‘रिडक्शन’ म्हटले की दुकानातली सूट आठवे. वर्गातल्या शहरी मुलांना हे हसू येण्याजोगे वाटत असेल. आम्हाला त्या वर्षी त्याचे हसू येत नव्हते. एका ओळीतले चार शब्द शब्दकोशात पाहून होईपर्यंत फळा पुसला जाई.

रेडॉक्स समीकरणांचा धडा दिवाळीनंतर झाला. वसतिगृहातले आमचे सर संध्याकाळी प्रार्थनेनंतर तासभर शिकवीत. त्यांनी तो धडा गावच्या उसनवारीवरून समजावला होता. ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन देणे, क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन घेणे. देणाऱ्याच्या वहीत जेवढे ‘दिले’, घेणाऱ्याच्या वहीत तेवढेच ‘घेतले’ लागले पाहिजे. म्हणून अभिक्रियेचे दोन अर्धे वेगळे करायचे, प्रत्येकाची वही स्वतंत्र लिहायची, मग दोन्हींतले इलेक्ट्रॉन सारखे होतील अशा पटीने गुणायचे आणि बेरीज घ्यायची. त्याच आठवड्यातल्या रविवारी भंतेजींनी प्रवचनात प्रतीत्यसमुत्पाद समजावला. एकाच्या असण्यावर दुसऱ्याचे होणे अवलंबून असते, हे ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर खुशाल इलेक्ट्रॉन फिरत होते. भंतेजींना ते कळले असते तर बहुधा आवडले असते.

पुढचा भाग आम्लातल्या अभिक्रियांचा. पाण्यातल्या अभिक्रियेत ऑक्सिजन कमी पडला तर त्या बाजूला पाण्याचा रेणू लिहायचा, हायड्रोजन कमी पडला तर हायड्रोजन आयन लिहायचा आणि शेवटी विद्युतभार जुळवण्यासाठी इलेक्ट्रॉन. एवढे आम्हाला चांगले साधले. सर मग काही कामासाठी गावी गेले, ते वार्षिक परीक्षेनंतरच परतले. धड्याचा उरलेला भाग आम्ही कॉलेजच्या वर्गात, इंग्रजीतून ऐकला. त्यात प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी दोन शब्द येत : ‘बेसिक मीडियम’.

‘बेसिक’ म्हणजे प्राथमिक, साधे. ‘मीडियम’ म्हणजे माध्यम. मराठी मीडियम, इंग्लिश मीडियम. इतकी वर्षे आमच्या आयुष्यात मीडियम या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. तेव्हा ‘बेसिक मीडियममध्ये समतोल करा’ म्हणजे साध्या रीतीने करा, असा अर्थ आम्ही घेतला. आमच्यातला एक तर त्यात मध्यम मार्ग पाहत होता. मार्च महिन्यातल्या एका रात्री पाचव्याने वहीतून डोके वर काढून विचारले, “बेसिक मीडियम म्हंजी काय रं?” आम्ही चौघांनी जवळजवळ एका सुरात सांगितले, की काही नाही, साधी पद्धत, शिकलोय तशीच करायची. त्याने मान डोलावली आणि तसे वहीत लिहून ठेवले. तो ऐकलेले लिहून ठेवणारा मुलगा होता.

इथपर्यंतची चूक अज्ञानाची होती. तिचे आम्हाला फारसे वाटत नाही.

रसायनशास्त्राच्या पेपरच्या सकाळी आम्ही चौघे पुढच्या बसने निघालो. पाचव्याची जेवणघरात वाढण्याची पाळी होती, तो मागून येणार होता. कॉलेजच्या फाटकापाशी वर्गातली एक मुलगी मैत्रिणीला काहीतरी भराभर समजावत होती. तिच्या तोंडी ‘बेसिक मीडियम’ आले म्हणून आम्ही थांबलो. तिने आम्हाला हसू न येता सांगितले, की बेसिक म्हणजे अल्कलाइन. साबणाच्या पाण्यासारखे, कॉस्टिकसारखे. त्यात हायड्रोजन आयन लिहायचा नसतो. आधी आम्लात असल्यासारखे समीकरण करायचे; मग जितके हायड्रोजन आयन आले असतील तितके हायड्रॉक्साइड आयन दोन्ही बाजूंना मिळवायचे. ज्या बाजूला हायड्रोजन आयन आहेत तिथे दोघांचे मिळून पाणी होते. दोन्हीकडे पाणी आले असेल तर तेवढे वजा करायचे. झाले. सगळे सांगायला तिला मिनिटभर लागले असेल. आम्ही तिथेच भिंतीला वही टेकवून एक उदाहरण करून पाहिले आणि ते उतरले.

आमची बैठक दुसऱ्या मजल्यावर होती, पाचव्याची पहिल्या. घंटा झाली तेव्हा आम्ही जिना चढत होतो आणि तो खालून धावत येत होता. आम्ही इतकी वर्षे एकमेकांना सांगत आलो, की तो भेटला असता तर सांगितले असते. तो भेटला होता. जिन्याच्या वळणावर त्याने हात वर केला, आम्हीही केला. मिनिटभराची गोष्ट होती. आम्ही वर गेलो.

प्रश्न आला. परमँगनेट आणि सल्फाइट यांची अभिक्रिया होऊन मँगनीज डायऑक्साइड आणि सल्फेट तयार होते. बेसिक मीडियममध्ये समतोल करा.

हे गणित इथे मांडतो, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळणार नाही. परमँगनेटमध्ये ऑक्सिजन चार, मँगनीज डायऑक्साइडमध्ये दोन. म्हणून उजवीकडे पाण्याचे दोन रेणू, त्यांच्यासाठी डावीकडे चार हायड्रोजन आयन, आणि भार जुळवायला डावीकडे तीन इलेक्ट्रॉन. हा झाला घेणारा. सल्फाइटचे सल्फेट होताना एक ऑक्सिजन हवा. डावीकडे पाण्याचा एक रेणू, उजवीकडे दोन हायड्रोजन आयन आणि दोन इलेक्ट्रॉन. हा देणारा. एक तीन घेतो, दुसरा दोन देतो. म्हणून पहिल्याला दोनने गुणायचे, दुसऱ्याला तीनने. सहा दिले, सहा घेतले. बेरीज घेतली की उरते ती ओळ अशी : दोन परमँगनेट, तीन सल्फाइट आणि दोन हायड्रोजन आयन मिळून दोन मँगनीज डायऑक्साइड, तीन सल्फेट आणि पाण्याचा एक रेणू.

मोजून पाहा. ऑक्सिजन डावीकडे सतरा, उजवीकडे सतरा. भार डावीकडे उणे सहा, उजवीकडे उणे सहा. समीकरण समतोल आहे, आणि तरीही उत्तर चूक आहे. कारण ज्या द्रावणात हे घडते आहे तिथे ते दोन हायड्रोजन आयन आणायचे कुठून? लिटरमागे एक मोल कॉस्टिक असलेल्या पाण्यात हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहाच्या उणे चौदाव्या घाताइतके, म्हणजे नसल्यातच जमा असते. म्हणून एक ओळ आणखी लिहावी लागते. दोन्ही बाजूंना दोन हायड्रॉक्साइड मिळवा. डावीकडे पाण्याचे दोन रेणू झाले, उजवीकडे एक आहेच. एक एक वजा करा. आता दोन परमँगनेट, तीन सल्फाइट आणि पाण्याचा एक रेणू मिळून दोन मँगनीज डायऑक्साइड, तीन सल्फेट आणि दोन हायड्रॉक्साइड. भार दोन्हीकडे उणे आठ, ऑक्सिजन दोन्हीकडे अठरा.

दुपारी खोलीवर पाचव्याने विचारले, “डावीकडं दोन हायड्रोजन आयन आले ना?” आमच्यापैकी कुणीतरी म्हणाले, “हो, येतात ते.” ते खोटेही नव्हते. आमच्याही कच्च्या कामात ते आलेच होते.

तो रसायनशास्त्रात दोन गुणांनी नापास झाला. प्रश्न तीन गुणांचा होता. बाकीचे पेपर त्याने चांगले काढले होते, पण घरी सांगताना कुणी बाकीच्यांचे सांगत नाही. जूनमध्ये तो ट्रंक न्यायला आला. सरांनी पुन्हा बस म्हणून पुष्कळ समजावले. तो ‘एक वर्ष कुणाच्या जिवावर’ एवढेच म्हणाला आणि गेला. त्याने आयटीआयला केमिकल प्लांट ऑपरेटरचा कोर्स घेतला, असे नंतर कळले. आम्ही त्याला स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो होतो. ट्रंक आलटून पालटून उचलली. त्या वाटेवरही सांगितले नाही.

बारावीच्या वर्षी एका रविवारी श्रमदानात शौचालये धुण्याची पाळी आमची होती. एकाने ब्लिचिंग पावडर कालवून टाकली, दुसऱ्याने वरून फरशी धुण्याचे ॲसिड ओतले. दोन औषधे मिळून दुप्पट स्वच्छ होईल, हा साधा हिशोब. क्षणात हिरवट-पिवळा, घसा चिरणारा धूर उठला. आम्ही खोकत, डोळे चोळत बाहेर पडलो. सरांनी आम्हाला ओढत मोकळ्या मैदानावर आणले, डोळ्यांवर पाणी मारले, आणि खोकला थांबल्यावर रागावण्याऐवजी काडीने जमिनीवर समीकरण लिहू लागले. त्यांचा राग असाच बाहेर पडत असे.

कॉस्टिकमध्ये क्लोरीन सोडला की क्लोरीनचा एक अणू इलेक्ट्रॉन देतो आणि दुसरा तोच घेतो. देणारा आणि घेणारा एकाच रेणूतले दोन भाऊ. एकाचे हायपोक्लोराइट होते, दुसऱ्याचे क्लोराइड. एक क्लोरीन आणि दोन हायड्रॉक्साइड मिळून एक क्लोराइड, एक हायपोक्लोराइट आणि पाण्याचा एक रेणू. चुन्यात हा क्लोरीन मुरवला की ब्लिचिंग पावडर. वायू त्यात बांधला जातो, शांत बसतो. त्यात आम्ल ओता. तीच अभिक्रिया उलटी फिरते, दोघे भाऊ पुन्हा एक होतात आणि क्लोरीन मोकळा सुटतो. “द्रव्यं तीच,” सर म्हणाले, “दिशा माध्यम ठरवतं. आम्लात हायड्रोजन आयन गर्दीने उभा आहे, म्हणून त्याला लिहायचा. आम्लारीत तो गावातच नाही. जो पंचनाम्याला हजर नाही, त्याची सही कशी घ्याल?”

त्या दिवशी ‘मीडियम’ हा शब्द आम्हाला खऱ्या अर्थाने कळला, आणि पाचव्याच्या वहीतली ती ओळही. सर पुढे ब्लिचिंग पावडरवरून पाण्याच्या टाकीवर आणि टाकीवरून महाडवर गेले, हे त्यांच्या पद्धतीला धरूनच होते. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर ते तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले, शेण आणि गोमूत्र घालून. “पाण्यातले जंतू कशाने मरतात ते आता तुमच्या घशाला ठाऊक झालंय,” ते म्हणाले, “आणि कशाने मरत नाहीत तेही लक्षात ठेवा.” आम्ही हसलो. हसता हसता पुन्हा खोकलो. आमच्यातल्या एकाने त्या रात्री पाचव्याला पत्र लिहायला घेतले. पत्र दोन पानांचे झाले, त्यात धुराची हकिकत होती, सरांची नक्कल होती, समीकरणही होते, जिना नव्हता. ते टाकलेच नाही.

वर्षे गेली, ती इथे सांगण्यासारखी नाहीत. आमच्यातला एक शिक्षक झाला, एक बँकेत, दोघे सरकारी नोकरीत. गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला पाचवा आला. केस पिकलेले, हाताच्या पाठीवर भाजल्याचा जुना डाग. तळोज्याच्या एका कारखान्यात तो वरिष्ठ ऑपरेटर आहे. काम काय, असे विचारल्यावर त्याने जेवणाच्या ताटाच्या कडेला बोटाने आकृती काढायला सुरुवात केली.

क्लोरीन त्यांच्याकडे नऊशे किलोच्या मोठ्या आडव्या सिलिंडरांतून येतो. कारखान्यात त्यांना टोनर म्हणतात. एखादा गळू लागला तर वायू पंख्याने ओढून एका उंच मनोऱ्यात नेतात. मनोऱ्यात वरून कॉस्टिकचे पाणी सतत खाली पडत असते. क्लोरीन त्यात मुरतो, बाहेर जाते ती हवा. तो मनोरा आणि ते कॉस्टिक त्याच्या ताब्यात. ७१ किलो क्लोरीनला ८० किलो कॉस्टिक लागते. म्हणजे एक पूर्ण टोनर गिळायला हजार किलोहून थोडे अधिक. “टाकीत तेवढं कॉस्टिक पाहिजेच, वर राखीव वेगळं,” तो सांगत होता. “प्रत्येक पाळीला मी नमुना काढून टायट्रेशन करतो. गार ठेवावं लागतं. तापलं तर हायपो होत नाही, क्लोरेट व्हायला लागतं. सहा हायड्रॉक्साइड, तीन क्लोरीन. पाच क्लोराइड, एक क्लोरेट, तीन पाणी. आणि कॉस्टिक संपून माध्यम आम्लाकडं झुकलं, तर गिळलेलं सगळं पुन्हा बाहेर.”

त्याने ते समीकरण कागदाशिवाय म्हटले. आम्ही मनातल्या मनात भार मोजला. दोन्हीकडे उणे सहा.

मग आम्ही सांगितले. फाटकापाशी ती मुलगी, मिनिटभराची गोष्ट, जिना, दुपारचे ‘हो, येतात ते’. चौघांनी मिळून सांगितले, एकमेकांची वाक्ये पुरी करत, तरी सांगायला त्या मिनिटापेक्षा फार वेळ लागला. तो ताटाकडे पाहत ऐकत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “जिन्यावर तुम्ही थांबला नाहीत, एवढं मला आठवतंय. घंटा झाली होती. थांबून सांगायजोगं काही होतं, हे नव्हतं ठाऊक.” आणि जरा थांबून, “दोन मार्कांनी गेलो होतो. माहीत होतं का तुम्हाला?”

आम्ही माहीत होते म्हणालो.

त्याने ‘जाऊ द्या’ म्हटले नाही, आणि आम्हाला बोलही लावला नाही. वाढप्याने विचारले, त्याने थोडा भात घेतला. मंचावर सत्कार सुरू झाले होते, नावे पुकारली जात होती. आमच्यातल्या एकाचे नाव आले. तो उठला नाही, दोनदा पुकारल्यावर पाचव्यानेच त्याला कोपराने ढोसले. परतताना वाशी स्टेशनपर्यंत आम्ही पाचही जण चालत गेलो. खाडीचा वास येत होता. पाचवा डोळे न मिटताच म्हणाला, “हा खाडीचा.” गाळात प्राणवायू नसला की तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचे क्षपण करतात, त्याचा तो वायू, हे त्याला आता ठाऊक होते आणि आम्हालाही, कुणी बोलून दाखवले नाही.

या जूनमध्ये त्याची मुलगी अकरावी विज्ञानाला गेली. मराठी माध्यमातूनच. दिवाळीनंतर एका रात्री त्याने व्हॉट्सॲपवर तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सोबत ओळ अशी, की मी रात्रपाळीला आहे, हिचं बघा जरा. परमँगनेट आणि आयोडाइड, माध्यम आम्लारीधर्मी, हा शब्द तिने कंसात मराठीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मँगनीज डायऑक्साइड आणि आयोडेट. इलेक्ट्रॉन सहा आणि सहा, बरोबर. दोन्हीकडे दोन हायड्रॉक्साइड मिळवलेले, बरोबर. फक्त शेवटच्या ओळीत पाणी डावीकडे दोन आणि उजवीकडे एक, तसेच राहिले होते. आम्ही चौघांनी ते आपापल्या घरी तपासले आणि लगेच कळवले, की दोन्ही बाजूंचे एक एक पाणी वजा व्हायचे राहिले आहे.

पाच मिनिटांनी दुसरा फोटो आला. उजवीकडच्या पाण्यावर काट मारली होती, डावीकडच्या दोनचा एक केला होता. खाली पाचव्याचा निरोप होता : “काढलं. ती विचारते, काका, अजून एक देता का?”